एलोजियम

एलोजियम (अनेकवचन : एलोजिया) हा एखाद्या व्यक्तीविषयी लिहिलेल्या संक्षिप्त मजकुरासाठी प्राचीन रोममध्ये रूढ असलेला लॅटिन शब्द होय. ग्रीक भाषेतील ‘एलेगेइऑन’ या शब्दापासून तो आला, असे बहुतेक कोशकार मानतात. इंग्रजीतील ‘एलिजी’ (विलापिका) हा शब्दही त्याच ग्रीक शब्दकुळातील आहे. समाधीवरील लेख, पुतळ्याखालील परिचयलेख, देवाला वाहिलेल्या वस्तूसोबतची नोंद, मृत्युपत्रात वारसाला वगळण्याचे कारण सांगणारे कलम आणि फौजदारी खटल्यातील आरोपीविषयीचा अहवाल असे याचे परस्परांपासून दूर वाटणारे अर्थ लॅटिन वाङ्मयात आढळतात. ‘स्तुती’ हा आज युरोपीय भाषांत प्रचलित असलेला अर्थ त्या मानाने उत्तरकालीन आहे. मूळ लॅटिन शब्दात प्रशंसा अनिवार्य नव्हती. एलोजियम गौरव करणारे असू शके, तसेच दोषारोप करणारेही.

## व्युत्पत्ती

ग्रीक भाषेत ‘एलेगॉस’ म्हणजे बासरीसारख्या ‘औलोस’ या वाद्याच्या साथीने गायिलेले शोकगीत. ‘एलेगेइऑन’ हे मात्र प्रामुख्याने एका छंदाचे नाव होते. सहा गणांची एक ओळ आणि तिच्यामागून येणारी पाच गणांची दुसरी ओळ अशा द्विपदीला हे नाव होते. या छंदात केवळ शोकच व्यक्त होई असे नाही. टिर्टिअसने त्यात रणगीते रचली, सोलोनने राजकारण मांडले, तर थिओग्निसने उपदेश केला. हा छंद आटोपशीर असल्यामुळे दगडावर कोरण्याच्या पद्यलेखांसाठी तो विशेष सोयीचा ठरला. थडग्यांवरील आणि देवस्थानांना अर्पण केलेल्या वस्तूंवरील असंख्य ग्रीक लेख याच छंदात आहेत.

यामुळे ‘एलेगेइऑन’ला ‘कोरीव पद्यलेख’ अशीही अर्थच्छटा मिळाली. इतिहासकार थ्युसिडिडीस याने सांगितलेला एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. प्लाटीया येथे पर्शियनांचा पराभव झाल्यानंतर ग्रीकांनी डेल्फी येथे एक तिवई अर्पण केली. स्पार्टाचा सेनानी पॉसेनियस याने विजयाचे श्रेय स्वतःकडे घेणारी द्विपदी तिच्यावर कोरवून घेतली. स्पार्टावासीयांनी ती छिन्नीने काढून टाकली आणि तिच्या जागी युद्धात सहभागी झालेल्या नगरांची नावे कोरली. या द्विपदीसाठी थ्युसिडिडीसने ‘एलेगेइऑन’ हाच शब्द वापरला आहे. तेथे शोकाचा संबंध नसून कोरलेला मजकूर एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

लॅटिनमध्ये येताना शब्दातील मधला स्वर बदलून ‘एलोजियम’ असे रूप झाले. ‘लोगॉस’ (शब्द, वचन) या परिचित ग्रीक शब्दाच्या प्रभावामुळे हा बदल झाला असावा, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. या रूपांतरात शब्दाचा छंदाशी असलेला संबंध सुटला आणि ‘व्यक्तीविषयीचा छोटा मजकूर’ हा अर्थ उरला. छंदोबद्ध कवितेसाठी रोमनांनी ‘एलेगिया’ हा शब्द ग्रीकमधून स्वतंत्रपणे घेतला. अशा रीतीने एकाच शब्दकुळाच्या दोन शाखा लॅटिनमध्ये वेगवेगळ्या अर्थांनी नांदू लागल्या.

## प्रारंभीचे वापर

नाटककार प्लॉटस (मृत्यू सुमारे इ.स.पू. १८४) याच्या ‘मर्केटर’ या सुखात्मिकेत एक वृद्ध आपल्या मुलाला बजावतो, की देखणी दासी घरात ठेवल्यास रस्त्यावरचे लोक दारावर कोळशाने मजकूर लिहून ठेवतील. या ठिकाणी शब्दाच्या रूपाबाबत पाठभेद आहेत. तरीही भिंतीवरच्या टवाळ ओळींपर्यंत या शब्दकुळाची व्याप्ती होती, हे त्यावरून दिसते.

थोरला केटो (मृत्यू इ.स.पू. १४९) याने आपल्या ‘ओरिजिनेस’ या इतिहासग्रंथात एका रोमन लष्करी अधिकाऱ्याच्या आत्मबलिदानाची तुलना स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्याशी केली आहे. हा उतारा ऑलस गेलियस या लेखकाने जतन केला. लिओनिडासचे स्मरण ग्रीसने स्मारके, पुतळे, एलोजिया आणि इतिहास यांद्वारे केले. रोमन अधिकाऱ्याने तेवढेच केले, पण त्याच्या वाट्याला फारच थोडे कौतुक आले, अशी खंत त्यात व्यक्त झाली आहे. थर्मोपिली येथे पडलेल्या स्पार्टन योद्ध्यांचा प्रसिद्ध समाधिलेख द्विपदी छंदातच आहे. त्यामुळे केटोच्या वापरात मूळ ग्रीक अर्थाची आठवण शिल्लक असल्याचे दिसते.

सिसेरोच्या ‘वार्धक्याविषयी’ या ग्रंथात हा शब्द दोनदा लक्षणीय रीतीने येतो. एके ठिकाणी ऑलस ॲटिलियस कॅलॅटिनस याच्या समाधीवरील लेखाला तो एलोजियम म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी सोलोनच्या एका पद्यवचनाला तेच नाव देतो. आपला मृत्यू मित्रांच्या शोकाविना होऊ नये, अशी इच्छा त्या वचनात आहे. सोलोनचे ते पद्य मुळात द्विपदी छंदातील असल्याने ग्रीक आणि लॅटिन शब्दांमधील नाते येथे स्पष्ट होते.

## समाधिलेख

रोमच्या ॲपियन मार्गालगत असलेली स्किपिओ घराण्याची समाधी १७८० मध्ये एका द्राक्षमळ्यात उजेडात आली. तेथील लेखांना आधुनिक अभ्यासक ‘स्किपिओंची एलोजिया’ म्हणतात. या प्रकारच्या लेखांमध्ये ती सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी जुने लेख ‘सॅटर्नियन’ या देशी लॅटिन छंदात आहेत.

इ.स.पू. २९८ मध्ये कॉन्सल असलेल्या लुसियस कॉर्नेलियस स्किपिओ बार्बाटस याची दगडी शवपेटी आता व्हॅटिकन संग्रहालयात आहे. तिच्यावरील लेखात त्याचे शौर्य व शहाणपण, त्याने भूषविलेली पदे आणि त्याच्या मोहिमा सांगितल्या आहेत. लेखाच्या वर पूर्वी असलेला काही मजकूर खोडून काढल्याच्या खुणा दिसतात.

सर्वच मृतांपाशी सांगण्याजोगे पराक्रम नव्हते. विसाव्या वर्षी मरण पावलेल्या एका स्किपिओच्या लेखात त्याच्या गुणांचा उल्लेख असून, त्याला एखादे पद का मिळाले नाही हे विचारू नये, असे वाचणाऱ्याला सांगितले आहे. दुसऱ्या एका लेखात, आयुष्य दीर्घ असते तर मृत व्यक्तीने पूर्वजांची कीर्ती सहज मागे टाकली असती, असे म्हटले आहे. पदांची यादी जेथे देता येत नव्हती तेथे न घडलेल्या आयुष्याची नोंद करण्यात आली.

इ.स.पू. १३९ मध्ये प्रीटर असलेल्या नीअस कॉर्नेलियस स्किपिओ हिस्पानस याचा लेख छंदाच्या दृष्टीने वेगळा आहे. त्यात आधी पदांची यादी गद्यात असून पुढे दोन ग्रीक पद्धतीच्या द्विपदी आहेत. हा छंद लॅटिनमध्ये रुजविण्याचे श्रेय कवी एनियस (मृत्यू इ.स.पू. १६९) याला दिले जाते. ज्या छंदाच्या नावापासून एलोजियम हा शब्द निघाला, तो छंद या लेखाद्वारे स्किपिओ समाधीत दाखल झाला.

## सार्वजनिक पुतळ्यांखालील लेख

सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २ मध्ये आपल्या नव्या फोरममधील ‘मार्स अल्टर’ अर्थात सूड घेणारा मार्स या देवाच्या मंदिराचे लोकार्पण केले. फोरमच्या एका बाजूच्या ओवऱ्यांत ईनिअस, आल्बाचे राजे आणि ज्युलियस घराण्यातील पुरुष, तर दुसऱ्या बाजूस रोम्युलस आणि प्रजासत्ताक काळातील थोर पुरुष यांचे पुतळे होते. प्रत्येक पुतळ्याच्या बैठकीवर नाव व पदे कोरलेली असत आणि त्याखालील फलकावर त्या व्यक्तीच्या कार्याचा गद्य सारांश असे. या फलकांनाही एलोजिया म्हणतात. या आदर्शांच्या तुलनेत नागरिकांनी आपले आणि आपल्यानंतरच्या राज्यकर्त्यांचे मूल्यमापन करावे, असे ऑगस्टसने एका फर्मानात जाहीर केल्याचे चरित्रकार स्विटोनियस नमूद करतो.

फोरममधील मूळ फलकांचे तुकडेच हाती आले आहेत; परंतु अनेक लेखांच्या प्रती इटलीतील अरेझो (प्राचीन अरेटियम) येथे मिळाल्या. पाँपेई येथेही ईनिअस आणि रोम्युलस यांची एलोजिया सापडली. ॲपियस क्लॉडियस सीकस याचे एलोजियम या प्रकाराचा चांगला नमुना आहे. त्याची पदे, त्याने जिंकलेली सॅम्नाइटांची गावे, पिर्‍हस राजाशी तह होऊ न देणे, ॲपियन मार्गाची बांधणी, शहरात पाणी आणणे आणि बेलोना देवीचे मंदिर उभारणे एवढ्या गोष्टी त्यात विशेषणांची उधळण न करता एकामागून एक मांडल्या आहेत.

टार्क्विनिया येथे सापडलेल्या लेखांवरून एट्रुस्कन घराण्यांनीही आपल्या पूर्वजांसाठी अशी लॅटिन एलोजिया कोरवून घेतल्याचे दिसते. मारिओ टोरेल्ली यांनी १९७५ मध्ये त्यांचे संपादन केले. रोमन एलोजियांचा प्रमाणभूत संग्रह आत्तिलिओ देग्रास्सी यांनी ‘इन्स्क्रिप्शनेस इटालिए’ या मालेत १९३७ मध्ये प्रसिद्ध केला.

## ऐतिहासिक विश्वसनीयता

एलोजियम हे बहुधा कुटुंबीयांनी किंवा सत्ताधीशांनी लिहविलेले असल्यामुळे त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न प्राचीन काळापासून उपस्थित झाला आहे. घराण्यांमधील अंत्यभाषणे आणि पूर्वजांच्या मुखवट्यांखालील खोटे लेख यांमुळे इतिहासाच्या नोंदी दूषित झाल्या, अशी तक्रार लिव्हीने केली आहे. कधीही न मिळालेले विजय आणि वाढवून सांगितलेली कॉन्सलपदे अंत्यभाषणांतून इतिहासात शिरली, असे सिसेरोनेही ‘ब्रूटस’ या ग्रंथात म्हटले आहे.

बार्बाटसचा लेख हे या वादाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. त्याने सॅम्नियममधील टॉरेसिया व सिसॉना ही ठिकाणे घेतली आणि संपूर्ण ल्युकेनिया जिंकून ओलीस आणले, असे त्याची शवपेटी सांगते. लिव्हीच्या कथनात मात्र इ.स.पू. २९८ मध्ये तो उत्तरेकडे एट्रुरियात लढत होता आणि ल्युकेनियन लोकांनी रोमशी तह करून आपणहून ओलीस दिले होते. कोणते कथन अधिक ग्राह्य धरावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दगडावरील लेख लिव्हीच्या ग्रंथापेक्षा जुना आहे. परंतु तो कुटुंबाच्या बाजूने बोलतो.

## मृत्युपत्रातील कलम

रोमन वारसाकायद्यात एलोजियम म्हणजे मृत्युपत्रातील असे कलम, की ज्यात एखाद्या व्यक्तीविषयीचे मत, विशेषतः मुलाला वारसाहक्कातून वगळण्याचे कारण, नमूद केलेले असे. येथे या शब्दाचा रोख स्तुतीच्या नेमका विरुद्ध होतो. वगळलेल्या मुलाला बापाचे म्हणणे मृत्युपत्र उघडल्यावरच कळत असल्याने बापाशी वाद घालण्याची संधी उरत नसे.

इ.स.पू. ६६ मधील ‘क्लुएंशियसच्या बचावार्थ’ या भाषणात सिसेरोसमोर असेच एलोजियम पुराव्यादाखल मांडले गेले होते. पूर्वीच्या एका खटल्यात ओपियानिकसला दोषी ठरविण्यासाठी मुलाने लाच घेतली, म्हणून आपण त्याला वगळत आहोत, असे एग्नेशियस नावाच्या बापाने मृत्युपत्रात लिहिले होते. ज्या मुलाचा बापाला द्वेष होता त्यालाच त्याने वगळले आहे, तेव्हा असे विधान पुरावा म्हणून पुरेसे नाही, असा सिसेरोच्या प्रतिवादाचा आशय आहे.

पुढे सम्राट जस्टिनियनने इ.स. ५४२ मधील ११५व्या ‘नोव्हेल’द्वारे मुलांना वारसातून वगळण्याची १४ कारणे निश्चित केली. कारण मृत्युपत्रात स्पष्टपणे लिहिणे आवश्यक झाले आणि ते खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नेमलेल्या वारसांवर टाकण्यात आली. मृताने लिहिले एवढ्यावरून आरोप खरा मानण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

## फौजदारी कामकाजातील अहवाल

साम्राज्यकाळात आरोपीला न्यायाधिकाऱ्याकडे पाठविताना त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या लेखी अहवालासही एलोजियम म्हणत. त्यात गुन्ह्याचे स्वरूप आणि प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष असे.

कॅलिग्युलाच्या चरित्रात स्विटोनियसने हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला आहे. आपल्या हत्येसाठी सज्ज केलेल्या तीन तलवारी कॅलिग्युलाने मार्स अल्टर या देवाला एलोजियमसह अर्पण केल्या. येथे त्याचा अर्थ ‘अर्पणलेख’ असा आहे. दुसऱ्या प्रसंगी, खेळांसाठी पाळलेल्या श्वापदांना घालायची जनावरे महाग झाली, तेव्हा कॅलिग्युलाने कैद्यांना रांगेत उभे केले आणि कोणाचेही एलोजियम न पाहता एका टकल्यापासून दुसऱ्या टकल्यापर्यंत सर्वांना श्वापदांपुढे नेण्याचा हुकूम दिला. येथे एलोजियम म्हणजे कैद्याचा आरोपलेख. तो न वाचणे हेच स्विटोनियसच्या दृष्टीने क्रौर्याचे लक्षण होते.

याउलट, केवळ अहवालावर विसंबण्याचा धोका रोमन विधिज्ञांनी ओळखला होता. जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या संकलनात (इ.स. ५३३) विधिज्ञ मार्सियन याचा एक उतारा समाविष्ट आहे. पुढे सम्राट झालेल्या अँटोनिनस पायसने आशिया प्रांताचा कारभारी असताना काढलेल्या आदेशाची माहिती त्यात मिळते. ‘आयरेनार्क’ नावाच्या स्थानिक शांतता-अधिकाऱ्यांनी पकडलेल्या दरोडेखोरांची त्यांचे साथीदार आणि आश्रयदाते यांच्याविषयी चौकशी करावी आणि तिचा तपशील मोहोरबंद पत्रातून न्यायाधिकाऱ्याकडे पाठवावा, असा तो आदेश होता. मार्सियनच्या मते, अशा एलोजियमसह आलेल्या आरोपींची सुनावणी पुन्हा मुळापासून झाली पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावून त्याने लिहिलेले सिद्ध करण्यास सांगावे. त्याने काम प्रामाणिकपणे केले असल्यास त्याची प्रशंसा करावी. आरोपी जे बोललाच नाही ते दुष्ट हेतूने लिहिले असल्यास त्याला शिक्षा करावी.

## प्रबोधनकाळातील पुनरुज्जीवन

सोळाव्या शतकात इटालियन इतिहासकार पाओलो जिओव्हिओ याने या शब्दाला नव्या वाङ्मयप्रकाराचे रूप दिले. कोमो सरोवराकाठच्या आपल्या संग्रहालयात त्याने प्रसिद्ध व्यक्तींची चित्रे जमविली होती आणि प्रत्येक चित्राखाली संक्षिप्त चरित्रलेख लावण्याची योजना होती. विद्वानांवरील त्याची एलोजिया १५४६ मध्ये व्हेनिस येथे आणि योद्ध्यांवरील एलोजिया १५५१ मध्ये फ्लॉरेन्स येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जिओव्हिओचे लेख केवळ स्तुतिपर नाहीत. गुणांबरोबर दोष आणि लोकापवादही त्यांत येतात. प्राचीन शब्दाचा तटस्थ अर्थ या ग्रंथांत टिकून राहिला.

## स्तुतीचा अर्थ

मध्ययुगीन लॅटिनमध्ये एलोजियमची सरमिसळ ‘युलोगिया’ या ग्रीकमधून आलेल्या शब्दाशी झाली. ‘यु’ म्हणजे चांगले आणि ‘लोगॉस’ म्हणजे वचन. अर्थात युलोगिया म्हणजे गुणगान किंवा आशीर्वचन. ध्वनिसाम्यामुळे ‘युलोजियम’ असे रूप प्रचारात आले. इंग्रजीतील ‘युलॉजी’ (गौरवपर भाषण, विशेषतः अंत्यविधीच्या वेळचे) हा शब्द त्यातून घडला. इटालियन व स्पॅनिशमधील ‘एलोजिओ’ व ‘एलोहिओ’ आणि फ्रेंचमधील ‘एलोज’ हे शब्द आज प्रामुख्याने ‘स्तुती’ या अर्थाने वापरले जातात. इरॅस्मसच्या ‘मूर्खपणाची स्तुती’ या ग्रंथाच्या इटालियन, स्पॅनिश व फ्रेंच शीर्षकांत हेच शब्द येतात.

फ्रान्समध्ये ‘एलोज’ हा संस्थात्मक प्रकार बनला. विज्ञान अकादमीचे दीर्घकाळ सचिव असलेले फाँतनेल दिवंगत सदस्यांविषयी असे लेख सादर करीत. १७२७ मध्ये निधन पावलेल्या आयझॅक न्यूटन यांच्यावरील त्यांचा लेख विशेष प्रसिद्ध आहे. या लेखांत स्तुतीबरोबरच दिवंगत शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा सामान्य वाचकाला समजेल असा आढावा असे. त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासाची साधने म्हणूनही त्यांचे मूल्य आहे.

## तत्सम शब्दांतील फरक

- एलिजी : शोक किंवा चिंतन व्यक्त करणारी कविता, प्राचीन काळी विशिष्ट द्विपदी छंदातील कोणतीही कविता.
- एलोजियम : व्यक्तीविषयीचा संक्षिप्त लेखी मजकूर, स्तुतिपर असेलच असे नाही.
- युलॉजी : गौरवपर भाषण किंवा लेख.
- एपिटाफ : समाधिलेख, समाधीवरील एलोजियम हा त्याचाच प्रकार.
- लॉडेशिओ फ्युनेब्रिस : रोमन अंत्ययात्रेच्या वेळी फोरममध्ये केले जाणारे भाषण, हे मौखिक असल्याने एलोजियमपेक्षा वेगळे.

मराठीत एलोजियमचे सर्व अर्थ सामावणारा एकच शब्द नाही. संदर्भानुसार ‘समाधिलेख’, ‘परिचयलेख’, ‘अर्पणलेख’, ‘आरोपलेख’ किंवा ‘गौरवलेख’ असे वेगवेगळे पर्याय योजावे लागतात. सर्व ठिकाणी ‘प्रशस्ती’ हा पर्याय वापरल्यास मृत्युपत्रातील व न्यायालयातील अर्थ झाकले जातात. ‘विलापिका’ हा शब्द एलिजीसाठी रूढ असल्याने तो एलोजियमसाठी वापरणे योग्य नाही.

## अन्य वापर

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९९५ मध्ये प्रसारित झालेल्या एका भागाचे शीर्षक ‘एलोजियम’ असे आहे. त्यात हा शब्द एका काल्पनिक परग्रहवासी वंशाच्या प्रजननक्षम अवस्थेसाठी योजलेला असून त्याचा लॅटिन शब्दाच्या अर्थांशी संबंध नाही.

## हेही पाहा

- विलापिका
- समाधिलेख
- रोमन कायदा
- ऑगस्टसचा फोरम
- पाओलो जिओव्हिओ